नावापुरती प्रगती

अमेरिकेत १९७५ च्या केंद्रीय कायद्यामुळे विशेष गरजा असलेल्या प्रत्येक पात्र मुलासाठी स्वतंत्र लेखी शिक्षणयोजना करणे स्थानिक शाळा-जिल्ह्यांना बंधनकारक झाले. पण योजना कागदावर असली म्हणजे झाले का?

कोलोराडोतील डग्लस काउंटीत एका स्वमग्न मुलाच्या योजनेत दरवर्षी जवळजवळ तीच उद्दिष्टे उतरवली जात. २०१० मध्ये पालकांनी त्याला खासगी शाळेत घातले. तिथे तो बराच पुढे गेला. फीच्या भरपाईसाठी पालक न्यायालयात गेले. नाममात्रापेक्षा जरासा अधिक लाभ झाला की पुरे, असे खालच्या न्यायालयाने म्हटले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मोजपट्टी एकमताने फेटाळली. योजना त्या मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती घडवू शकेल अशी हवी, असे ठरले.

निकाल आम्हांला स्वागतार्ह वाटतो, पण अपुराही. इतर मुलांच्या तोडीच्या संधीची पालकांची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. 'साजेशी' म्हणजे किती, हेही सांगितले नाही. ते अखेर शिक्षकांनाच ठरवावे लागते. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. गेल्या वर्षीची योजना यंदाच्या योजनेशेजारी ठेवून वाचावी. तीच वाक्ये पुन्हा आली असतील, तर मुलाला दोष देण्याआधी आपण आपली शिकवण्याची पद्धत तपासायला हवी.