प्रवासवृत्त उरले, लोकस्थिती हरवली

पंडिता रमाबाईंच्या अमेरिकेवरील ग्रंथाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ असे आहे. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या नावातच परदेशाविषयी लिहिण्याच्या दोन वाटा सांगितल्या आहेत. तेथील लोक कोणत्या कायद्याखाली, कोणत्या मिळकतीवर आणि कोणत्या रीतीने जगतात, ही लोकस्थिती. लेखकाने काय पाहिले आणि त्याला काय वाटले, हे प्रवासवृत्त. रमाबाईंनी लोकस्थितीला अग्रमान दिला. आज कॅनडाविषयी मराठीत जे लिहिले जाते, दिवाळी अंकांतील लेख असोत वा मंडळांच्या स्मरणिकांतील अनुभवकथने असोत, ते वाचताना या नावाचा उत्तरार्ध तेवढा उरला आणि पूर्वार्ध गळून पडला, असे वाटल्यावाचून राहत नाही. नायगारा आहे, मेपलची लाल पाने आहेत, हिमवादळात अडकलेली मोटार आहे, लेकीच्या घरचे आधुनिक स्वयंपाकघर आहे. घरभाडे, मजुरी, कर, कामगार संघटना आणि निवडणूक मात्र बहुधा नाहीत. या उणिवेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही उणीव आपल्या परंपरेत मुळात नव्हती. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केली, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. त्या देशाला फुले कधी गेले नव्हते; तरीही त्याच्या इतिहासातील नेमकी कोणती गोष्ट आपल्या समाजापुढे ठेवावयाची, हे त्यांना पक्के ठाऊक होते. रमाबाई १८८६ मध्ये तेथे पोहोचल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत राहिल्या. राज्यव्यवस्था, घरसंसार, शिक्षण, व्यापार, लोकोपयोगी संस्था, स्त्रियांची स्थिती असे विषय त्यांनी क्रमाने घेतले. त्यांच्या लेखनात कौतुक भरपूर आहे, पण त्या कौतुकाने त्यांचे डोळे दिपले नाहीत. कृष्णवर्णीयांशी होणारा भेदभाव आणि मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय यांवर त्यांनी स्पष्ट शब्दांत बोट ठेवले आहे. दोघांच्याही दृष्टीने परदेश म्हणजे आपल्या घरच्या वादातील एक साक्षीदार होता; आणि साक्षीदाराची उलटतपासणीही करावी लागते, याचे भान त्यांना होते.

आपल्या सुरतेलाही या परंपरेत स्थान आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर येथे शिक्षक म्हणून आले आणि १८४४ मध्ये दुर्गाराम मेहता व इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मानवधर्मसभा स्थापन केली. जातिभेद, मंत्रतंत्र, रूढी यांची जाहीर चिकित्सा या सभेत होत असे. त्याच वर्षी मिठावरील कर वाढल्यामुळे सुरतेत मोठा दंगा उसळला, ही गोष्टही त्या सभेशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. समाजाची चिकित्सा आणि स्वयंपाकघरातील मिठाचा भाव या दोन गोष्टी एकाच शहरात, एकाच वर्षी ऐरणीवर आल्या होत्या. परमुलखात येऊन स्थिरावलेल्या मराठी माणसाने त्या मुलखाच्या प्रश्नांत उतरावे, हा धडा दादोबांनी आपल्या पूर्वजांसमोर घालून दिला.

पुढे काय झाले? विसाव्या शतकात मराठी प्रवासवर्णन हा एक संपन्न वाङ्मयप्रकार झाला, यात शंका नाही. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) आणि अण्णाभाऊ साठ्यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकांत लोकस्थितीविषयीचे कुतूहल जागे आहे. परंतु पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) वाचकांच्या मनावर अशी मोहिनी घातली, की परदेशी बावरलेला मध्यमवर्गीय मराठी गृहस्थ हाच पुढील कित्येक लेखकांचा साचा झाला. दोष पुलंचा नाही. त्यांच्या विनोदामागे समाजाचे बारीक निरीक्षण होते. अनुकरण करणाऱ्यांनी बावरणे तेवढे उचलले, निरीक्षण मागे राहिले. शिवाय पूर्वीचा प्रवासी एकदा जाऊन येत असे. आजचा लेखक मुलाबाळांच्या घरी सहा महिने राहतो. यजमानाच्या सुखाविषयी शंका उपस्थित करणे त्याला अवघड जाते, आणि ते संकोचाचे मौन लेखनातही उतरते.

या मौनाची किंमत किती, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘कॅनडात औषधोपचार फुकट असतात’ हे वाक्य अशा लेखांत वारंवार भेटते. ते फुकट कसे झाले, हे क्वचितच सांगितले जाते. टॉमी डग्लस यांच्या पक्षाने सस्कॅचेवान प्रांतात सार्वजनिक आरोग्य विम्याची योजना आणली, तेव्हा जुलै १९६२ मध्ये तेथील डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. सरकार मागे हटले नाही. १९६६ मध्ये या तत्त्वाला देशपातळीवर कायद्याचे रूप आले आणि १९८४ च्या कायद्याने त्याची चौकट पक्की केली. हे दान आकाशातून पडलेले नाही. ते भांडून मिळवले गेले आहे. आणि ते सर्वांसाठी नाही. ओंटारिओ प्रांतात परदेशी विद्यार्थी १९९४ पासून सामान्यतः या सरकारी योजनेबाहेर आहेत. त्यांना वेगळा विमा विकत घ्यावा लागतो. म्हणजे सुरतेहून टोरांटोला शिकावयास गेलेल्या मुलाच्या बाबतीत ते सुप्रसिद्ध वाक्य लागूच पडत नाही.

तीच गोष्ट शिक्षणाच्या परवान्याची. राहण्याच्या खर्चासाठी विद्यार्थ्याने दाखवावयाची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलर झाली. त्याच महिन्यात नव्या परवान्यांवर मर्यादा घातल्याची घोषणा झाली. घरांची टंचाई आणि भाडेवाढ यांवरून तेथे पेटलेल्या राजकारणाचा या निर्णयांशी निकटचा संबंध होता. सदनिका गहाण टाकून मुलाला धाडू पाहणाऱ्या येथील कुटुंबाला नायगाऱ्याच्या वर्णनापेक्षा या राजकारणाचा उलगडा अधिक उपयोगी पडला असता. ज्या लेखनातून वाचक आयुष्यातला एवढा मोठा निर्णय घेतो, त्या लेखनाकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येत नाही.

खुद्द कॅनडात प्रागतिक विचारांच्या मंडळींनी ही लोकस्थिती लिहिण्याची चांगली रीत रुजवली आहे. १९८० मध्ये स्थापन झालेले ‘कॅनेडियन सेंटर फॉर पॉलिसी ऑल्टरनेटिव्ह्ज’ १९९५ पासून ‘पर्यायी अर्थसंकल्प’ मांडत आले आहे. सरकारने पैसा कोठे खर्च करावा, याचा नागरिकांच्या बाजूने केलेला तो हिशेब असतो. तक्रार करणाऱ्याने आकडेमोडही करून दाखवावी, ही शिस्त अनुकरणीय आहे. परंतु या लेखनाचीही समीक्षा व्हावयास हवी. त्याची दृष्टी पुष्कळदा देशाच्या सीमेपाशी थांबते. नेओमी क्लाइन यांच्या ‘नो लोगो’सारखे पुस्तक नाममुद्रांचा माग काढीत आशियातील कारखान्यांपर्यंत येते, पण सर्वांची मजल तेवढी जात नाही.

या मर्यादेचा पुरावा आपल्या दाराशी आहे. इच्छापोरहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला जो पोलादाचा कारखाना आहे, तो पूर्वी एस्सार समूहाचा होता. याच समूहाने २००७ मध्ये ओंटारिओतील सू सेंट मरी या गावचा अल्गोमा कारखाना विकत घेतला. त्या कारखान्याचा इतिहास मोठा विलक्षण. १९९२ मध्ये तो बुडू लागला, तेव्हा बॉब रे यांच्या प्रांतिक सरकारच्या मध्यस्थीने कामगारांनी पगारात कपात सोसून बहुसंख्य भाग स्वतःकडे घेतले होते. एस्सारच्या मालकीखाली नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याला धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागावे लागले, आणि २०१८ च्या अखेरीस तो नव्या मालकांकडे गेला. इकडे हजिऱ्याचा कारखाना २०१७ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली आला. डिसेंबर २०१९ मध्ये तो आर्सेलर मित्तल आणि निप्पॉन स्टील यांनी सुमारे ४२,००० कोटी रुपये मोजून घेतला.

एकच मालक, दोन गावे. फरक पाहावा तो चर्चेत. अल्गोमाच्या प्रकरणात कामगार संघटना वाटाघाटीला बसली होती आणि निवृत्तांचे वेतन हा कळीचा प्रश्न होता. नॉर्टेल, सिअर्स यांसारख्या कंपन्यांतील निवृत्तांचे हाल पाहून कॅनडाच्या संसदेने २०२३ मध्ये निवृत्तिवेतनातील तुटीला दिवाळखोरीत अग्रक्रम देणारा कायदा केला. तो एप्रिल २०२५ पासून अमलात आला. हजिऱ्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला मध्यवर्ती वाद बँका आणि माल पुरवणारे यांच्या हिश्शांचा होता. कंत्राटी मजुराचे नाव त्या मथळ्यांत नव्हते. कॅनडातील लेखकाला हजिरा दिसत नाही आणि आपल्याला अल्गोमा दिसत नाही. दोन्ही गावे जोडून लिहिण्याची सोय ज्याच्या भाषेत, ज्याच्या नात्यागोत्यात आहे, असा लेखक सुरतेच्या मराठी घरांतूनच निघू शकतो. तो अद्याप निघालेला नाही.

अर्थात या उलटतपासणीतून आपणही सुटत नाही. आपली घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. मागाहून खानदेशातून उधना-लिंबायतच्या मागांवर आलेला कामगार मराठीच बोलतो, तरी आपल्या स्मरणिकांत तो किती वेळा येतो? ओडिशाच्या गंजामहून आलेला त्याचा सहकारी तर त्याहून दूर. कॅनडाने आपल्या मुलांना उदारपणे सामावून घ्यावे, अशी अपेक्षा आपण करतो; ती रास्तही आहे. मग आपल्यामागून आलेल्यांची खोली, पाळी आणि मजुरी हेही आपल्या लेखनाचे विषय व्हावयास हवेत. रमाबाईंनी परक्या देशातील वर्णभेद टिपला, कारण घरच्या अन्यायाशीच त्यांचे भांडण होते.

म्हणून परदेशी जाणाऱ्या वा जाऊन आलेल्या लेखकांना एवढीच विनंती. लेख जरूर लिहावा, नायगाराही येऊ द्यावा. परंतु त्याबरोबर खोलीचे भाडे किती, तासाची मजुरी किती, आजारी पडल्यास पैसे कोण भरतो, आणि हे सारे ठरवण्याच्या निवडणुकीत कोणाला मत असते, याचीही चार पाने असावीत. तीच चार पाने लिंबायतविषयीही कोणी लिहून पाठवावीत. दोन्ही शेजारी छापण्याची तयारी या पत्रिकेने ठेवावी.