तक्त्यावरचे मावळे आणि उतरलेला ताप

मीरा रोड पूर्वेकडील शांती नगरातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीच्या एका गटाने ‘डेंग्यू आणि आपले शरीर’ हा विषय निवडला होता. निवड नेमकी होती. सेक्टरासेक्टरांतून ओळीने उभ्या इमारती, नळाला पाणी येण्याच्या ठरलेल्या वेळा आणि त्यामुळे घरोघरी भरून ठेवलेली पिंपे. एडिस इजिप्ती या डासाला आणखी काय हवे? मुलांनी पिंपातल्या अळ्या बरणीत आणून, तोंडाला जाळीचे कापड बांधून मांडल्या होत्या. हा डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्याच्या काठाशी अंडी घालतो आणि ही अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पिंप नुसते रिकामे न करता आतून घासले पाहिजे, हे सारे त्यांनी बिनचूक सांगितले. या भागाला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले.

आमची तक्रार आहे ती शेजारच्या तक्त्याबद्दल. त्यात शरीर हा किल्ला होता. विषाणू दोर लावून तट चढत होते. पांढऱ्या पेशी म्हणजे ढाल-तलवारीचे मावळे आणि प्रतिपिंडे म्हणजे त्यांच्या हातातले भाले. शेवटच्या चौकटीत शत्रू गारद, बुरुजावर झेंडा आणि खाली ठळक अक्षरांत ‘प्रतिकारशक्ती वाढवा, डेंग्यू हरवा’. हे चित्र मुलांनी स्वतःच्या मनाने काढलेले नव्हते. थोड्याफार फरकाने ते पुस्तकांत, दवाखान्यांच्या भिंतींवर आणि टॉनिकच्या जाहिरातींत सगळीकडे दिसते. आम्ही संशोधक मंडळीही व्याख्यानांत तेच वापरत आलो आहोत. तेव्हा या टीकेतून आम्ही स्वतःला वगळत नाही.

तक्ता समजावून देणाऱ्या मुलीला आम्ही विचारले, “ताप उतरला म्हणजे काय झाले?”

“सर, आपले सैनिक जिंकले.”

“मग रोग्याने आता काय करायचे?”

“आता काळजी नाही. उद्यापासून शाळेत यायचे.”

उत्तर तर्काला धरून होते. तक्ता बरोबर असेल तर हेच उत्तर बरोबर. पण डेंग्यूत ते चुकते, आणि ज्या ठिकाणी चुकू नये नेमके तिथेच चुकते. डेंग्यूचा ताप साधारणपणे दोन ते सात दिवस राहतो. ज्या थोड्या रोग्यांची प्रकृती गंभीर होते, त्यांची ती भर तापात होत नाही. ताप उतरू लागतो त्या सुमारास, पुढच्या २४ ते ४८ तासांत होते. म्हणजे घरचे लोक सुटकेचा श्वास टाकतात, अंथरुण आवरले जाते, डॉक्टरांकडची पुढची फेरी रद्द होते, तीच वेळ लक्ष ठेवण्याची असते. पोटात सतत दुखणे, पुन्हापुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, विलक्षण थकवा किंवा अस्वस्थपणा यांपैकी काही दिसले तर ताप नसला तरी रुग्णालय गाठले पाहिजे. तक्त्याची शेवटची चौकट याच्या अगदी उलट सांगते.

असे का होते, हे समजून घ्यायचे तर किल्ल्याची गोष्ट थोडी बाजूला ठेवावी लागेल. डास चावताना विषाणू त्वचेत उतरतो. तिथे तो प्रथम शिरतो तो पहारा देणाऱ्या पेशींमध्येच. त्वचेतील पहारेकरी पेशी आणि रक्तातून येणाऱ्या भक्षक पेशी यांतच तो वाढतो आणि त्यांच्याबरोबर लसीका ग्रंथींत पोहोचतो. मावळ्यांच्या अंगरख्याखालीच शत्रू दडला आहे, हे तक्त्यात कसे दाखवणार? बाधित पेशी इंटरफेरॉन आणि तत्सम संदेशद्रव्ये सोडतात. ताप आणि ठणका यांतला बराच भाग या संदेशांमुळे असतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून प्रतिपिंडे दिसू लागतात, बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशींची संख्या वाढते आणि रक्तातला विषाणू झपाट्याने कमी होतो. (म्हणूनच पहिल्या चार-पाच दिवसांत विषाणूच्या एनएस-१ या प्रथिनाची तपासणी करतात आणि त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची. या दुसऱ्या तपासणीचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार होऊन देशभरच्या प्रयोगशाळांना जातात.)

नेमक्या याच सुमारास संदेशद्रव्यांचा कल्लोळ टिपेला पोहोचलेला असतो. त्याचा आणि एनएस-१ प्रथिनाचा परिणाम केशवाहिन्यांच्या अस्तरावर होतो. अस्तर सैल पडते आणि रक्तातला पातळ भाग, म्हणजे रक्तद्रव, बाहेर झिरपू लागतो. उरलेले रक्त दाट होते, रक्तदाब घसरतो. शत्रू हटतो आहे आणि त्याच धामधुमीत तट पाझरतो आहे, असे हे दृश्य आहे. एक-दोन दिवसांत झिरपणे आपोआप थांबते. तोवर मोजूनमापून द्रव देऊन रोग्याला सांभाळणे हाच मुख्य उपचार. द्रव कमी पडला तर धोका, फार झाला तरी धोका.

इथे प्लेटलेटांविषयी दोन शब्द. मुंबई परिसरात डेंग्यूचा रोगी म्हटला की पहिला प्रश्न ‘काउंट किती?’ हाच असतो. प्लेटलेट घटतात हे खरे, पण डॉक्टर त्याबरोबर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, पाहतात. रक्त दाट होत चालल्याची खूण तीच देते. रक्तस्राव नसताना केवळ आकडा खाली गेला म्हणून प्लेटलेट चढवण्याचा उपयोग होतो का, याची चाचणी सिंगापूर आणि मलेशियातील प्रौढ रोग्यांवर झाली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत रक्तस्राव काही कमी झालेला आढळला नाही. सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट आपापल्या वर येऊ लागतात. त्याच वेळी पपईच्या पानांचा रस, किवी किंवा बकरीचे दूध चालू असेल तर श्रेय त्याला मिळते. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय हे वर्गात शिकवायला याहून घरगुती उदाहरण मिळणार नाही.

गटातल्या एका मुलाने मग आम्हालाच विचारले, “सर, मला दोन वर्षांपूर्वी झाला होता. आता परत होणार नाही ना?” तक्त्यानुसार होऊ नये, कारण मावळे अनुभवी झाले. परंतु डेंग्यू विषाणूचे चार प्रकार आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आल्बर्ट सेबिन यांनी स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत दिसले की, एका प्रकाराची लागण झाली की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते, इतर प्रकारांपासून मात्र फार तर दोन-तीन महिने. पुढे १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हॉलस्टेड यांना चमत्कारिक गोष्ट आढळली. गंभीर डेंग्यू दोन गटांत जास्त होता. एक, दुसऱ्यांदा लागण झालेली मुले. दोन, वर्षाच्या आतली तान्ही बाळे, ज्यांना लागण पहिल्यांदाच झाली होती, पण ज्यांच्या आयांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला होता. या दोघांत समान काय? दोघांच्याही रक्तात आधीची प्रतिपिंडे होती. मुलांत स्वतःची, बाळांत आईची.

ही प्रतिपिंडे नव्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करण्याइतकी घट्ट किंवा पुरेशी नसतात. प्रतिपिंडाचे दुसरे टोक पकडण्यासाठी भक्षक पेशींवर खास ग्राहक असतात. एरवी हा झेल शत्रू गिळून पचवण्यासाठी असतो. डेंग्यूचा विषाणू मात्र भक्षक पेशीतच वाढतो. त्यामुळे भाल्याला धरून शत्रू आत ओढला जातो आणि तो अधिक पेशींना ग्रासतो. जन्मतः बाळाला आईची प्रतिपिंडे भरपूर असतात, तेव्हा ते सुरक्षित असते. सहा-नऊ महिन्यांच्या सुमारास ती अर्धवट उरतात, तेव्हा धोका वाढतो. पुढे ती संपली की हा विशिष्ट धोकाही जातो. निकाराग्वातील मुलांच्या दीर्घ पाहणीत (२०१७) हेच मोजून दिसले: खूप प्रतिपिंडे असली तर संरक्षण, मधल्या टप्प्यात असली तर सर्वाधिक धोका. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणाऱ्याला विचारले पाहिजे, कोणती आणि कुठपर्यंत?

क्यूबात तर हा प्रयोग निसर्गानेच करून दाखवला. तिथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली आणि १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची. दुसऱ्या साथीत ३ लाख ४४ हजार रोगी नोंदले गेले आणि १५८ दगावले. १९९७ मध्ये सांतियागो शहरात दुसरा प्रकार पुन्हा आला, तेव्हा गंभीर झाले ते जवळपास सगळे प्रौढ. पहिल्या साथीनंतर जन्मलेली मुले त्यातून वाचली. वीस वर्षांपूर्वीची आठवण शरीराने जपली होती आणि तीच नडली.

याची किंमत लसीच्या बाबतीतही मोजावी लागली. फिलिपिन्समध्ये २०१६ साली आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना डेंग्यूची लस देण्यात आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले की, पूर्वी डेंग्यू न झालेल्यांत लस घेतल्यानंतर लागण झाली तर आजार अधिक तीव्र होण्याचा धोका आहे. अशा शरीराला लस ही जणू पहिली लागण ठरली होती. मोहीम थांबली. यातून ‘लसी वाईट’ असा अर्थ कोणी काढला तर तो तक्त्याइतकाच उथळ होईल; आधी डेंग्यू होऊन गेलेल्यांना त्याच लसीने संरक्षण मिळत होते.

किल्ल्याचे चित्र सर्वत्र खोटे आहे असेही नव्हे. त्याच डासातून येणाऱ्या चिकुनगुन्यात ते निम्मे तरी जुळते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीन दशके हा रोग जवळजवळ विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रभर उसळला. मधल्या काळात जन्मलेल्या पिढीकडे त्याची प्रतिपिंडेच नव्हती. हा विषाणू प्रतिपिंडांच्या दृष्टीने एकाच प्रकारचा असल्याने एकदा झालेल्याला दीर्घकाळ संरक्षण मिळते. इथे मावळे खरोखरच अनुभवी होतात. तरीही रक्तातून विषाणू गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे दुखतात, आणि त्या दुखण्यात प्रतिकारयंत्रणेच्या दाहाचा मोठा वाटा असतो. झेंडा लागल्यावरही लढाई चालूच!

विज्ञानाच्या बाई हे सारे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “सर, नववीला एवढे सांगत बसले तर पोर्शन कसा पुरा व्हायचा?” त्यांचे म्हणणे रास्त आहे. ग्राहक, संदेशद्रव्ये, टी-पेशी यांतले काही नववीला नको. सोपे करण्याला आमचा विरोध नाही. पण सोपे करताना जे गाळले त्यामुळे मूल घरी जाऊन चुकीचे वागणार असेल, तर ते सोपे केलेले नाही, चुकवलेले आहे. बाईंना आम्ही एवढेच सुचवले की, शेवटची चौकट काढून तिथे आलेख चिकटवावा. आडव्या अक्षावर आजाराचे दिवस, एक ते दहा. उभ्या अक्षावर तीन रेषा: ताप, रक्तातला विषाणू आणि प्रतिपिंडे. पहिल्या दोन रेषा उतरताना आणि तिसरी चढताना जिथे एकमेकींना छेदतात, तिथल्या दोन दिवसांचा पट्टा लाल रंगवावा आणि त्यात धोक्याची लक्षणे लिहावीत. गणिताच्या तासालाही हे करता येईल.

मुलीने तिथल्या तिथे वहीच्या कागदावर आलेख काढायला घेतला. तिची पहिलीच अडचण अशी होती की, दिवस मोजायचे कुठून? डास चावला तेव्हापासून की ताप आला तेव्हापासून? डास कधी चावला हे कोणालाच माहीत नसते आणि त्यानंतर ताप यायला चार ते दहा दिवस लागतात. म्हणून ताप सुरू झाला तो दिवस पहिला धरावा.