घोडा गुदमरला, की प्रयोग फसला?

संशोधनात यायचंय ना? मग घोड्याच्या साजावरचं एक गाजलेलं पुस्तक कुठे चुकलं, ते बघा.

लफेव्र दे नोएत हे फ्रेंच घोडदळातले निवृत्त अधिकारी. त्यांच्या १९३१ च्या ग्रंथाचा दावा असा: प्राचीन साजात घोड्याचा गळा आवळला जायचा, म्हणून त्याला जड ओझं ओढता येत नसे. मध्ययुगात खांद्यावर टेकणारी भरीव कॉलर आली, जनावराची ताकद पुरती वापरता आली आणि गुलामांची गरज संपली. पुराव्याला त्यांचा १९१० चा प्रयोग आणि एक रोमन कायदा: सरकारी गाडीवर जास्तीत जास्त १५०० रोमन पौंड, म्हणजे साधारण ४९० किलो.

आता तपासा. प्रयोगातला साज जुन्या शिल्पांवरून आणि चित्रांवरून बनवलेला. झां स्प्र्यूत यांनी पुन्हा साज बनवून घोडे जुंपले आणि १९७७ मध्ये दाखवलं की दे नोएतांनी दोन वेगळ्या पद्धतींचे भाग एकत्र केले होते. त्या वेगवेगळ्या वापरल्या तर घोडा गुदमरत नाही. म्हणजे मोजमाप खरं, पण मोजलेली वस्तू प्राचीन नव्हतीच.

चित्रातला पट्टा दिसतो, त्याच्यावरचा ताण दिसत नाही. वेल्ह्यात भातखाचरात चिखलणी करणारी बैलजोडी आठवा. जू वशिंडापुढे मानेवर असतं, ओढ तिथे लागते. गळ्याखालचं जोतं फक्त जू जागेवर ठेवतं. नुसता फोटो पाहणारा मात्र सहज म्हणेल, बैल गळ्याने ओढतोय! (घोड्याला वशिंड नाही, त्यामुळे त्याचा साज वेगळा लागतो, हे खरंच.)

कायद्याचा पुरावा तर आणखी कच्चा. १५०० पौंडांची मर्यादा होती ती बैल ओढत असलेल्या गाड्यांना. मग घोड्याच्या गळ्याचा संबंध काय? आणि कायद्यातली मर्यादा ही जनावराची कमाल ताकद नव्हे. आपल्या ट्रकांनाही वजनमर्यादा असते, ती इंजिन दमतं म्हणून नाही.

तरी पुस्तक मोडीत काढू नका. इतिहासातला प्रश्न प्रयोगाने सोडवायचा, ही दे नोएतांची दृष्टी मोलाचीच. त्यांना खोडणाराही प्रयोगच होता. पण साजापासून थेट गुलामगिरीच्या अंतापर्यंत मारलेली उडी कुठलाही प्रयोग पेलणार नाही.

पुढचा पेपर वाचताना निष्कर्षाआधी हे विचारा: यांनी नेमकं काय जुंपलं होतं?