सरासरीत न मावलेला जिल्हा

पत्रिकेवर आजचा विषय ‘साथरोग नियंत्रणाचे संशोधन : एक समीक्षा’ असा भारदस्त छापलाय. घाबरू नका. आम्ही जगभरच्या संशोधनाचा आढावा घेणार नाही, तेवढा आमचा वकूबही नाही. आम्ही यवतमाळात बसून हे शोधनिबंध वाचतो आणि वाचताना एकच खोडसाळ प्रश्न विचारतो : यात आपला जिल्हा कुठं आहे? आज तेवढाच प्रश्न धरून बोलायचं आहे, आणि एका वर्षाबद्दल बोलायचं आहे. २०२१.

सुरुवात थोडी आधीपासून करू. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं नेमलेल्या समितीनं आपलं गणिती प्रारूप जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी त्याला ‘सुपरमॉडेल’ म्हटलं. प्रा. एम. विद्यासागर समितीचे अध्यक्ष. मनिंद्र अग्रवाल आणि माधुरी कानिटकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला निबंध ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आला. सांगणं असं होतं की शिखर सप्टेंबरात होऊन गेलं, सगळे नियम पाळले तर फेब्रुवारी २०२१ अखेर साथ आटोक्यात येईल, आणि लक्षणं असलेले एकूण रुग्ण १ कोटी ६ लाखांच्या आसपास राहतील. देशातल्या साधारण ३० टक्के लोकांच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झालीत, असाही अंदाज त्यात होता.

आता फेब्रुवारी २०२१ आठवा. देशाचा आलेख खरोखरच खाली आला होता, दिवसाला १०-१२ हजार रुग्ण. दिल्लीत लोक सुटकेचा श्वास घेत होते. आणि त्याच महिन्याच्या मध्यावर यवतमाळ, अमरावती, अकोला इथं रुग्ण झपाट्यानं वाढायला लागले. आपल्याकडं २८ फेब्रुवारीपर्यंत शाळा-महाविद्यालयं बंद झाली, निर्बंध आले. बाजूच्या अमरावतीत २२ तारखेपासून टाळेबंदीच लागली. ज्या महिन्यात साथ संपायची होती, त्याच महिन्यात ती आमच्या दारातून परत आत आली.

‘सुपरमॉडेल चुकलं’ एवढं म्हणून टाळ्या घेता येतील. पुढं तसं पुष्कळांनी म्हटलंही, समितीलाही अंदाज चुकल्याचं मान्य करावं लागलं. आमची तक्रार जरा वेगळी आहे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ते प्रारूप देशाच्या सरासरीबद्दल बरंचसं बरोबर होतं, आणि खरी अडचण तिथंच आहे. सरासरी म्हणजे भरल्या विहिरी आणि कोरड्या विहिरी मोजून काढलेली पाण्याची पातळी. तिच्यावर भरवसा ठेवून बादली कुठल्या विहिरीत सोडायची, ते मात्र कळत नाही.

हेच दुसऱ्या बाजूनं बघू. आयसीएमआरनं देशभर रक्तातली प्रतिपिंडं तपासायचं सर्वेक्षण केलं. काम अतिशय मोलाचं. २१ राज्यांतले ७० जिल्हे निवडले आणि प्रत्येक फेरीत त्याच जिल्ह्यांत परत गेले. तिसरी फेरी १७ डिसेंबर २०२० ते ८ जानेवारी २०२१. निष्कर्ष ४ फेब्रुवारीला जाहीर झाला : दहा वर्षांवरच्या लोकांपैकी २१.५ टक्क्यांना संसर्ग होऊन गेलेला. म्हणजे ऑक्टोबरात प्रारूप ३० टक्के म्हणत होतं, आणि दोन-अडीच महिन्यांनी प्रत्यक्ष रक्त २१.५ टक्के म्हणालं. फार मोठी लोकसंख्या अजून धोक्यात आहे, असं आयसीएमआरनं त्याच दिवशी सांगितलं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ऐकलं किती जणांनी, हा वेगळा भाग.

पण यादी बघा. महाराष्ट्रातले सहा जिल्हे : बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर, जळगाव. विदर्भातला एकही नाही. वाईट हेतू कुणाचा नव्हता. नमुना यदृच्छेनं काढतात, आणि देशाचा आकडा काढायला तो पुरेसा होता. पण देशाचा आकडा काढायला पुरेसा असलेला नमुना दुसऱ्या लाटेच्या पहिल्या जिल्ह्यांबद्दल मुका होता. झरी जामणीच्या कोलाम पोडावर किती जणांना होऊन गेलंय, उपचाराला आणि बाजाराला आदिलाबादकडं जाणाऱ्यांचं काय, यातलं काहीच त्या सरासरीतून कळायची सोय नव्हती.

मग विषाणूच बदलला का, अशी चर्चा सुरू झाली. २३ फेब्रुवारीला केंद्रानं सांगितलं की महाराष्ट्रात एन४४०के आणि ई४८४क्यू हे बदल सापडलेत, पण रुग्णवाढ त्यांच्यामुळं झाली असं मानायला कारण नाही. २४ मार्चला सांगितलं की ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल असलेल्या नमुन्यांचं प्रमाण महाराष्ट्रात डिसेंबरच्या तुलनेत वाढलंय. बी.१.६१७ हे ते कुळ. डेल्टा त्याच घराण्यातला. मधला महिना बघा. विज्ञानात एका महिन्यात मत बदलणं लाजिरवाणं नसतं. पण साथीत एक महिना म्हणजे काय, ते त्या एप्रिलमध्ये खाटा शोधत फिरलेल्यांना विचारा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं या बदलांवर उत्तम शोधनिबंध लिहिला, आम्ही तो आदरानं वाचतो. विषाणूचं इतकं बारीक वाचन झालं. त्याच आठवड्यांत जिल्ह्यात काय घडत होतं, कोण कुठं जमत होतं, कुणाला तपासणी मिळत नव्हती, याचं तितकं बारीक वाचन आमच्या पाहण्यात आलेलं नाही.

आता आजचा मुख्य भाग. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात सॅनिटायझरनं दोनदा घात केला.

पहिली वेळ ३१ जानेवारीची, पल्स पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यात भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या एका गावात पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात दाखल केलं, नशिबानं ती वाचली. बातमी देशभर गेली, जगभर गेली. तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाल्याचं आपण वाचलं, चार दिवस हळहळलो, आणि विषय संपला.

आमच्या मते विषय तिथं सुरू व्हायला हवा होता. पोलिओचा तो रविवार आधी १७ जानेवारीला ठरला होता. १६ तारखेला कोविडची लस सुरू झाली म्हणून तो पुढं ढकलून ३१ला आणला. जबाबदारी त्याच यंत्रणेची, आणि माणसंही मोजकीच. दुसरं असं की एरवी पोलिओच्या बूथवर सॅनिटायझर कशाला असेल? ते तिथं आलं कोविडच्या खबरदारीपोटी. एका साथीच्या नियंत्रणानं दुसऱ्या साथीच्या नियंत्रणाच्या टेबलावर दुसरी बाटली आणून ठेवली. हे कुणी आधी तपासलं होतं का? दोन मोहिमा एकावर एक आल्या की टेबलावर काय काय होतं, यावर प्रयोग कुणी केला?

मानवी चुकांचे अभ्यासक जेम्स रीझन यांनी २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दोन दृष्टिकोन मांडले. एक माणसाकडं बोट दाखवणारा, दुसरा व्यवस्थेकडं बघणारा. भोकं असलेल्या चीजच्या चकत्या एकामागे एक ठेवल्या आणि भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो, ही त्यांची प्रसिद्ध उपमा. (आपल्याकडं चीजचं फारसं कौतुक नाही. एकामागे एक धरलेल्या चाळण्या म्हणा.) विमानसेवेनं ही दृष्टी कधीच उचलली. आपण काय केलं? शेवटची चाळणी काढली आणि फेकून दिली. ज्यांच्या हातात ड्रॉपर होता त्यांची चूक नव्हती, असं आम्ही म्हणत नाही. ती भयंकरच चूक होती. पण निलंबन म्हणजे चौकशीचा निष्कर्ष नव्हे, आणि चौकशी म्हणजे संशोधनही नव्हे. २०११च्या जानेवारीनंतर भारतात जंगली पोलिओचा एकही रुग्ण नाही. ते यश ज्या हातांनी मिळवलं, त्यांच्यावर कामाचं ओझं किती चढलं की चूक होते, हे साथनियंत्रणाचं पक्कं शास्त्रीय प्रकरण आहे.

दुसरी वेळ एप्रिलची, वणी. निर्बंध, दारूची दुकानं बंद. दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण दगावले. कोविडच्या मृत्यूंत ते धरले जाणार नाहीत, आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे. पण निर्बंधांच्या परिणामांत तरी धरले का? ऑक्सफर्ड विद्यापीठानं देशोदेशीच्या निर्बंधांचा कडकपणा शून्य ते शंभर असा मोजला. २०२०च्या मार्च अखेरीस भारताला पैकीच्या पैकी, शंभर गुण होते. त्या निर्देशांकावर पुढं ढिगानं निबंध उभे राहिले. शाळा, कार्यालयं, वाहतूक, सगळ्यांना त्यात रकाना आहे. वणीला रकाना नाही. व्यसनी माणसाची दारू एका रात्रीत बंद केली की तो काय करतो, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. फक्त ते ज्ञान दुसऱ्या विभागाच्या कपाटात होतं.

कुणी म्हणेल, गावाला चौकट मानून संशोधन होतच नाही. होतं, आणि विदर्भातच झालंय. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी मुलांच्या न्यूमोनियावर केलेला अभ्यास १९९०च्या ‘लॅन्सेट’मध्ये आला. ५८ गावांत उपचार, तुलनेला ४४ गावं. औषध द्यायला निमवैद्यकीय कर्मचारी, गावातले आरोग्यदूत आणि चक्क दाया. त्यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ०.८ टक्के, तुलनेच्या गावांत १३.५. न्यूमोनिया म्हणजे साथ नव्हे, हा आक्षेप मान्य. तरी तिथं दाई हा अभ्यासाचा कणा होता. घाटंजीत आशाताई कारवाईच्या बातमीतच आली.

रोगसर्वेक्षणाचा ‘एस फॉर्म’ कुणी बघितलाय इथं? आरोग्य उपकेंद्रातून जाणारा. ताप, पुरळ, खोकला तीन आठवड्यांपेक्षा कमी की जास्त, जुलाब, कावीळ, मुलांमधला अचानक आलेला लुळेपणा. दिल्लीतल्या प्रत्येक आलेखाचं पहिलं टिंब तिथं पडतं, आणि ते टाकणारी बाई बहुतेक वेळा त्याच दिवशी लसीकरणही करत असते. रकाने तिला विचारून ठरवले असते तर त्यात काय काय आलं असतं, याची आम्हाला फार उत्सुकता आहे. आज सभागृहात मागच्या दोन रांगांत काही नर्सताई आणि आशाताई बसल्यात. प्रश्नोत्तरं त्यांच्यापासून सुरू करू. माइक मागं द्या.