बिनवायरची सोयरीक

आपल्याकडे परीक्षण लिहायचं ते पुस्तकाचं, नाटकाचं, फार तर एखाद्या मैफलीचं. वास्तविक पुस्तक वाईट निघालं तर माणसाचे दोन-तीनशे रुपये आणि एक रविवार एवढंच जातं, शिवाय ते पुस्तक कुणाच्या तरी मुंजीत अहेर म्हणून खपवता येतं. सात-आठ हजारांचं ड्रिल मशीन वाईट निघालं तर ते मुंजीत देता येत नाही. ते माळ्यावर चढतं आणि दर दिवाळीच्या साफसफाईला खाली उतरून, घरातल्या मंडळींच्या साक्षीने आपल्याकडे टक लावून बघतं. असं असूनही या विषयावर मराठीत धड समीक्षा नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

प्रकरण सुरू झालं ते मी निवृत्त झाल्यावर. निवृत्त माणसं तीर्थयात्रेला जातात किंवा वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. मला घरातली लहानसहान कामं स्वतः करण्याची हौस आहे. पडद्याचे दांडे, देवघराची फळी, झोपाळ्याच्या कड्या अशी कामांची यादी सौभाग्यवतींनी करूनच ठेवली होती. प्रश्न फक्त हत्याराचा होता. वायरचं ड्रिल घ्यायचं तर आमच्या घरातलं प्लगचं भोक आणि भिंतीतलं भोक यांच्यात नेहमी एका खोलीचं अंतर असतं. तेव्हा बिनवायरचं घ्यावं, हे ठरलं. कुठल्या कंपनीचं, एवढंच राहिलं. त्या 'एवढंच'ला चार महिने लागले.

प्रथम घराण्यांची चौकशी केली. सोयरीक करायची तर कुळी पाहिलीच पाहिजे. हातात धरून चालवायचं विजेचं ड्रिल जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन या कारखान्यात १८९५ साली तयार झालं. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा, हे आजचं रूप अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकरचं. त्याचं पेटंट १९१७ चं. बिनवायरचं पहिलं ड्रिलही त्यांनीच १९६१ साली आणलं. म्हणजे 'हे यंत्र नासाने चंद्रावर जाण्यासाठी शोधलं' असं जे दुकानात छातीठोक सांगतात ते खरं नाही. नासा नंतर आली. चंद्रावर नेलेलं ड्रिल बनवायला याच कंपनीचा हातभार होता, हे मात्र खरं. आणि १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी ते चंद्राच्या जमिनीत घातलं तेव्हा तिथेही ते अडकलं, ओढता ओढता दोघांची दमछाक झाली. ही माहिती मला फार धीर देऊन गेली. एवढ्या लांब जाऊन, एवढा खर्च करूनही ड्रिल अडकतं. मग पिंप्राळ्यात अडकलं तर त्यात लाजायचं काय?

जपानची मकिता १९१५ सालची, मूळ धंदा विजेच्या मोटर विकण्याचा आणि दुरुस्त करण्याचा. बॉश १८८६ ची, पण आपल्याला ती परकी वाटत नाही, कारण १९५१ पासून ती 'मायको' या नावाने आपल्यात नांदली. नाव २००८ साली बदललं, तरी नाशिकचा रिक्षावाला अजून मायको सर्कललाच सोडतो. पिवळ्या रंगाची डिवॉल्ट १९२४ ची, ती १९६० साली ब्लॅक अँड डेकरच्या घरात गेली, आणि २०१० साली ते सगळं घरच स्टॅनलेशी एक झालं. हिताचीची हत्यारं २०१८ पासून हायकोकी नावाने येतात. आणि आपल्या महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला, १९७६ साली कुलकर्णी पॉवर टूल्स निघाली. कुलकर्ण्यांनी शतकानुशतकं दप्तर सांभाळलं. त्यातल्या कुणीतरी लेखणी ठेवून ड्रिल हाती घेतलं हे वाचून मला उगाचच ऊर भरून आल्यासारखं झालं.

कुळ्या झाल्या, आता गुण. इथे समीक्षकाला पहिला ठसका लागतो तो व्होल्टचा. नवी पेठेतल्या एका दुकानात तीन खोकी ओळीने मांडली होती. एकावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर २० व्होल्ट, तिसऱ्यावर २१. दुकानदार म्हणाला, "काका, जितके व्होल्ट जास्ती तितका दम जास्ती." वाक्य ऐकायला गोड आहे. पण तिन्ही बॅटऱ्यांच्या पोटात तेच पाच सेल असतात. लिथियमचा एक सेल कामाच्या वेळी सरासरी ३.६ व्होल्ट देतो. पाच सेलांचे झाले अठरा. नुकताच भरलेला असताना तो चारच्या वर असतो; तेव्हा मोजलं तर वीस, अगदी काठोकाठ मोजलं तर एकवीस. म्हणजे एकाने आपलं वजन उपाशीपोटी सांगितलं, दुसऱ्याने जेवून, आणि तिसऱ्याने बारशाच्या पंगतीतून उठताना सांगितलं, एवढाच फरक. डिवॉल्ट तर तीच बॅटरी युरोपात १८ आणि अमेरिकेत २० म्हणून विकते. बारा व्होल्टवालीत तीन सेल असतात, म्हणजे तीही खरी १०.८ ची. काही स्वस्त खोक्यांवर तर ४८, ८८ असे आकडे छापलेले आढळतात. ते व्होल्ट नसून शुभांक असावेत.

खरा दम पाहायचा तर व्होल्टला अँपिअर-अवरने गुणावं. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर, तेवढी शिदोरी. हा गुणाकार मी दुकानात मोठ्याने केला, तेव्हा दुकानदाराने पोऱ्याला चहा सांगितला. गिऱ्हाईक लवकर उठणार नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं.

दुसरा ठसका भाषेचा. मॉडेलची नावं पाहा. जीएसआर, जीएसबी, जीबीएच. ही एखाद्या सरकारी खात्याची परिपत्रकं वाटतात. पण बॉशच्या या अक्षरांत अर्थ आहे. 'आर'वालं नुसतं फिरतं. लाकडाला आणि स्क्रूला ठीक. 'बी'वालं फिरता फिरता ठोकतं; विटेच्या भिंतीला ते हवं. 'एच'वालं मुख्यतः ठोकतंच. सिमेंट-काँक्रीटच्या बीमला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. एवढी उपयोगाची गोष्ट खोक्यावर एका ओळीत लिहिता आली असती. त्याऐवजी तिथे काळा चष्मा लावलेल्या एका तरुणाचा फोटो असतो. पुस्तिकेबद्दल तर बोलूच नये. सुरुवातीची सगळी पानं इशाऱ्यांची. नायक रंगमंचावर येईपर्यंत प्रेक्षक घरी गेलेले असतात.

पण या साऱ्या वाङ्मयातलं मर्म आहे ते बॅटरीत. तुम्ही ड्रिल विकत घेत नाही, बॅटरीशी लग्न लावता. एकदा एका कंपनीची बॅटरी आणि चार्जर घरात आला की पुढची करवत, ग्राइंडर, पंखासुद्धा त्याच कंपनीचा घ्यावा लागतो, कारण एकीची बॅटरी दुसरीच्या यंत्रात जात नाही. आपण जातीबाहेर सोयरीक करायला शिकलो, बॅटऱ्या अजून शिकलेल्या नाहीत. त्यातही पोटजाती आहेत. डिवॉल्टची बॅटरी तिच्याच घरातल्या ब्लॅक अँड डेकरला चालत नाही. बॉशची घरगुती हत्यारं हिरवी आणि कारागिरांची निळी. दोन्हींवर १८ व्होल्ट लिहिलेलं, पण हिरव्याची बॅटरी निळ्याला लागत नाही. सख्खे भाऊ, पण चुली वेगळ्या. जर्मनीत मेटाबो वगैरे काही कंपन्यांनी २०१८ साली एकत्र येऊन एकच बॅटरी वापरायचं ठरवलं. तो या क्षेत्रातला आंतरजातीय विवाह म्हणायचा. युरोपने डिसेंबर २०२४ पासून मोबाइलला एकच चार्जर सक्तीचा केला, पण ड्रिलवाले त्यातून सुटले.

माझी खरी तक्रार इथे आहे. यंत्राची वायर गेली असं जाहिरात सांगते. वायर गेलेली नाही. पूर्वी तिचं एक टोक भिंतीत होतं, आता ते कंपनीच्या कचेरीत आहे. वायरच्या जुन्या ड्रिलचा कार्बन झिजला तर चौकातल्या रिवाइंडिंगवाल्याकडे थोडक्यात नवा मिळतो. आमच्या सुतारमिस्त्रींचं ड्रिल त्यांच्या वडिलांपासूनचं आहे. त्यावर चिकटपट्टीचे इतके थर आहेत की मूळ रंग कोणता यावर त्यांच्याच घरात दोन मतं आहेत. ते चालतंय. बिनवायरच्या ड्रिलची मोटर ठणठणीत असते, पण चार-सहा वर्षांत बॅटरी म्हातारी होते, आणि तोवर कंपनीने तो साचाच बंद केलेला असला तर धडधाकट ड्रिल केवळ बॅटरीअभावी सती जातं. पेन्शनीत बसवून घेतलेली वस्तू अशी जावी हे मनाला लागतं.

त्यात आमचा खानदेश. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो. लिथियमची बॅटरी ४०-४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं पुस्तिकाच सांगते. पुष्कळ चार्जर तर गरम बॅटरी घेऊन गेलं की लाल दिवा लावून गप्प बसतात. म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी बॅटरी आणि माणूस, दोघांनीही पडून राहावं हेच योग्य. ती पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवली तर तिचं भरीत होतं, आणि जळगावचं असूनही ते कुणी खात नाही. तिला अर्धी भरून, घरातल्या गारव्याच्या कोपऱ्यात ठेवावं. आमच्या घरातला तो कोपरा माठाचा. माठाशेजारी बॅटरी ठेवायचा प्रस्ताव मी मांडला, त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "तिथे मी लोणच्याची बरणी ठेवते. आधी लोणचं, मग तुमचं ड्रिल." विषय संपला.

सल्ले भरपूर मिळाले. पुण्याचे मेहुणे म्हणाले, "घ्यायचं तर जपानी घ्या, नाहीतर घेऊच नका." पुण्यातले बहुतेक सल्ले 'नाहीतर घेऊच नका' इथे संपतात. अमेरिकेतला भाचा म्हणाला, "मामा, इथून आणतो ना, सेलमध्ये अर्ध्या किमतीत!" त्याची माया मोठी, पण तिथला चार्जर १२० व्होल्टचा, तो आपल्या २३० च्या प्लगमध्ये घातला तर अर्धी किंमत धुरावाटे वसूल होते. शेवटी मिस्त्रींना विचारलं. ते बिडी विझवून म्हणाले, "कंपनी काय पाहून राह्यले भाऊ? सर्विस सेंटर जयगावले आहे का ते पहा. अन् बॅटरी दोन घ्या. एक कामाले, एक चार्जिंगले." चार महिन्यांत कुणी एवढं नेमकं बोललं नव्हतं.

त्यांच्या बोलण्यावरून मी हिशोब मांडला. आमच्या घरात वर्षभरात भिंतीला पडायची भोकं चौदा. एकेकाला अर्धा मिनिट. म्हणजे वर्षाला सात मिनिटं. उरलेलं वर्ष यंत्र निवृत्त, माझ्यासारखंच. शेजारच्या आबांकडे, समोरच्या वहिनींकडे, कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे हिशोब थोड्याफार फरकाने तोच. मग प्रत्येकाने वेगळ्या रंगाचं ड्रिल घेऊन आपापल्या माळ्यावर वेगळी बॅटरी म्हातारी का करावी?

आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्यात विठोबाचा रथ निघतो. एवढा थोरला रथ माणसं दोर धरून ओढतात, आणि चाकाखाली लाकडी मोगरी सारून त्याला वळवतात, थांबवतात. रथ घरटी एकेक नसतो, म्हणूनच तो निघतो. माझा निकाल याच धर्तीवर आहे. घरगुती कामाला १२ व्होल्टचं, ठोकणारं, दोन बॅटऱ्यांचं ड्रिल पुरे. विटेची भिंत आणि सहा-आठ मिलिमीटरची गिट्टी ते आरामात निभावतं. झोपाळ्याच्या कड्यांना, म्हणजे स्लॅबला, हात लावू नये. तिथे मिस्त्रींना बोलवावं, त्यांचा चहा आणि मजुरी द्यावी. कंपनी अशी निवडावी, जिच्या दुरुस्तीच्या दुकानाची पाटी आपण स्वतःच्या डोळ्यांनी आपल्याच शहरात वाचली आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती घराने निवडू नये, गल्लीने निवडावी. सगळ्यांची एकच जात असली तर आबांची करवत, वहिनींचा ग्राइंडर आणि आमचं ड्रिल एकमेकांच्या बॅटरीवर चालेल. एक म्हातारी झाली तर शेजारची धावून येईल.

हा विचार मी आबांच्या ओट्यावर मांडला आणि तो तत्त्वतः एकमताने मंजूर झाला. व्होल्टचं ठरलं, सर्विस सेंटरचं ठरलं, बॅटऱ्या कोणी चार्ज करायच्या याच्या पाळ्याही ठरल्या. फक्त हिरवं घ्यायचं, निळं की पिवळं, यावर पुढचे तीन रविवार बैठक चालू आहे. रंगाच्या प्रश्नात आता मागच्या नगरसेवकाच्या निवडणुकीतले जुने मुद्दे येऊ लागले आहेत. तोवर पडद्याचे दांडे मिस्त्रींनी येऊन लावून दिले. वायर लांबवायला बोर्ड आमच्याकडचा, ड्रिल त्यांच्या वडिलांचं.