लॉनमोवरची इंजिनं आणि एक कच्ची तुलना

बसून चालवायच्या अमेरिकन लॉनमोवरच्या इंजिनांवर काहीही वाचा, निष्कर्ष ठरलेला: साइड-व्हॉल्व्हपेक्षा ओव्हरहेड-व्हॉल्व्ह सरस. निष्कर्ष चूक नाही. पुरावा मात्र बघा. एकीकडे जुनं एक-सिलिंडर इंजिन, दुसरीकडे नवं व्ही-ट्विन, त्यात प्रेशर लुब्रिकेशन आणि ऑइल फिल्टरही. आयुष्य वाढलं ते नेमकं कशामुळे? चार गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय एकट्या व्हॉल्व्हला!

खरा मुद्दा दहनकक्षाच्या आकाराचा आहे. साइड-व्हॉल्व्हमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असतात, म्हणून कक्ष एका बाजूला पसरतो. ज्योतीला लांब जावं लागतं, थंड भिंतींचं क्षेत्रफळ वाढतं, त्यांच्यालगतचं इंधन न जळताच बाहेर पडतं. कॉम्प्रेशनही फार वाढवता येत नाही. वर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला सिलिंडर जास्त तापतो आणि बोअरचा गोलपणा बिघडतो. यातला प्रत्येक दावा वेगळा तपासता येतो, आणि नेमकं हेच त्या लेखांत एका ओळीत उरकलेलं असतं.

हॉर्सपॉवरचं तर विचारूच नका. 'ग्रॉस' आकडा एअर क्लीनर आणि एक्झॉस्ट न लावता घेतात, 'नेट' ते लावून. छापील हॉर्सपॉवरवरून अमेरिकेत ग्राहकांनी कंपन्यांवर दावे लावले, 2010 मध्ये तडजोड झाली. तरी दोन्ही आकडे एकाच रकान्यात बिनधास्त बसवलेले दिसतात. असा तक्ता लिटरेचर रिव्ह्यूमध्ये घेणार असाल तर टॉर्क किती आरपीएमला मोजलाय तेही शोधा. हॉर्सपॉवर सहसा 3600 ला देतात. दाट गवतात आरपीएम पडतात, तेव्हा कामाला येतो तो टॉर्क.