खारीचा वाटा

समीक्षेला विषय म्हणून कादंबरी चालते, नाटक चालते, चित्रपटालाही आता कोणी नाक मुरडत नाही. पण दिवाळी अंकाच्या पानांवर एका व्हिडिओ गेममधल्या संघाची समीक्षा येणार म्हटल्यावर काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे मी धरूनच चालतो. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, कादंबरी लिहिताना मी जे करतो तेच हा संघ बांधणारा करतो. मोजकी पात्रे निवडायची, प्रत्येकाला एक स्वभाव द्यायचा, एकाच्या उणिवेशी दुसऱ्याच्या गुणाची गाठ मारायची आणि मग ती सारी मंडळी संकटात लोटून द्यायची! फरक एवढाच की, कादंबरीतले संकटही मीच लिहितो. त्यामुळे माझ्या पात्रांना मी हवे तेव्हा वाचवू शकतो. संघ बांधणाऱ्याला ती सोय नाही. त्याच्यापुढचे संकट दुसराच कोणी तितक्याच हुशारीने रचत असतो. त्याची रचना माझ्या रचनेहून कठोर कसोटीला लागते, हे कबूल करायला हवे.

ज्या रचनेविषयी मी लिहिणार आहे ती २०१४ सालच्या ऑगस्टात अमेरिकेत वॉशिंग्टन येथे भरलेल्या पोकेमॉनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत विजयी ठरली. रचनाकार दक्षिण कोरियाचा से जुन पार्क. संघातले भिडू सहा. त्यांतल्या सहाव्याने, म्हणजे एका खारीने, प्रेक्षकांना वेड लावले. त्या खारीचे नेमके काय कौतुक करावे, याबद्दल माझे आणि पुष्कळांचे मत जुळत नाही. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. मुलांच्या दप्तरांवर आणि डब्यांवर दिसणारा तो पिवळा पिकाचू याच कुळातला. ‘पॉकेट मॉन्स्टर’, म्हणजे खिशात मावणारे अजब प्राणी. या दोन शब्दांना जपान्यांनी कात्री लावली आणि ‘पोकेमॉन’ हा शब्द तयार झाला. लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद असलेल्या सातोशी ताजिरी यांनी १९९६ साली जपानमध्ये हा खेळ आणला. तेव्हा प्राणी होते १५१. आज त्यांची गणती हजाराच्या पुढे गेली आहे. स्पर्धेचा नियम असा की, प्रत्येकाने सहा वेगवेगळ्या प्राण्यांचा संघ बांधून आणायचा. एकमेकांचे सहा पाहायचे आणि आपल्यातले चारच त्या डावापुरते निवडायचे. पटावर एका वेळी प्रत्येकाचे दोन. प्रत्येक प्राण्याजवळ विद्या फक्त चार. दर फेरीला दोघे आपापली चाल गुपचूप ठरवतात, आणि मग बहुधा ज्याचा वेग अधिक त्याचा हात आधी चालतो. बुद्धिबळात समोरच्याची चाल पाहून आपण आपली करतो. इथे दोघांच्या चाली एकदमच उघडतात. म्हणून नुसती शक्ती पुरत नाही, समोरच्याचे मन वाचावे लागते.

या प्राण्यांच्या प्रकृती अठरा. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी आणि गवत पाण्याला भारी, असा तो मामला आहे. भारी वार दुप्पट लागतो, हलका निम्मा लागतो आणि काही वार मुळीच लागत नाहीत. जमिनीच्या प्रकृतीवर विजेचा काडीइतकाही परिणाम होत नाही. घराच्या विजेला अर्थिंग का देतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळे शिकवायला नको. प्राणी दोन प्रकृतींचा असला आणि दोन्ही एकाच वाराला कच्च्या असल्या, तर दुपटीची दुप्पट होते. अठरा गुणिले अठरा, असे ३२४ संबंध झाले. पाढे म्हणायला कुरकुरणारी माझ्या वर्गातली मुले हे कोष्टक बिनचूक म्हणून दाखवतात!

हे कोष्टक पहिल्यापासून असे नेटके नव्हते, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९९६ च्या खेळात प्रकृती पंधराच होत्या, आणि त्यांत मनोबलाची प्रकृती इतकी प्रबळ झाली होती की तिला धड उत्तरच उरले नव्हते. किड्यांचे वार तिला भारी पडायचे, पण ते मुळातच लेचेपेचे. भुतांचा वार तिला लागायला हवा होता. तर संगणकाच्या आज्ञावलीत चूक राहिल्यामुळे तोही फुकट जाई. पहिल्या आवृत्तीतला दोष लेखकाने दुसरीत सुधारावा त्याप्रमाणे १९९९ साली अंधाराची आणि पोलादाची अशा दोन नव्या प्रकृती आल्या. अंधारापुढे मनोबल निष्प्रभ. पुढे ड्रॅगन शिरजोर झाले तेव्हा २०१३ साली परीची प्रकृती आली आणि ड्रॅगनचा वार तिच्यापुढे शून्य झाला. जगात एकच सर्वशक्तिमान असला तर निवड करायला काही उरतच नाही. प्रत्येक बळाला कुठेतरी उत्तर आहे, म्हणूनच कोणाला बरोबर घ्यावे या प्रश्नाला अर्थ आहे.

आता संघाकडे वळू. नवखा खेळाडू पहिल्यांदा काय करतो? सर्वांत बलवान असे सहा गोळा करतो. लंकेत सगळेच बावन्न हाती! गारचॉम्प, ड्रॅगोनाइट आणि सॅलमन्स हे तीन ड्रॅगन घ्या. प्रत्येकाच्या सहा गुणांची बेरीज ६००, म्हणजे परीक्षेत पहिल्या वर्गाचे विद्यार्थी. पण तिघांनाही बर्फाचा वार चौपट लागतो. तीन बलदंड घेतले आणि तिघांच्या घराला एकच कच्ची भिंत! दुसरा खेळाडू भित्रा असतो; तो सहाही राखणदार घेतो आणि मार खात खात हळूहळू हरतो. तिसरा ‘संतुलन’ हा शब्द ऐकून प्रत्येक गोष्ट थोडी थोडी घेतो; त्याच्या संघात सगळे असते, फक्त हेतू नसतो. कबड्डीत सातही गडी चढाईचेच घेतले तर पकड कोण करणार, हे आपल्याकडचे शाळकरी पोरही सांगेल. पण सात जण सात तऱ्हेचे असले म्हणजे संघ झाला, असेही नाही. कोपऱ्यातल्या गड्याने केव्हा हात घालायचा हे मधल्याला आधीच कळले पाहिजे.

आणि इथे काटकसरही आहे. प्रत्येक प्राण्याच्या तालमीसाठी एकंदर ५१० गुण वाटायला मिळतात, आणि एका अंगावर २५२ च्या वर खर्च करता येत नाहीत. दोन अंगे काठोकाठ भरली की हातात उरतात सहा! दिवाळीचा बोनस हातात आल्यावर घरधनिणीपुढे जो प्रश्न असतो तोच हा. वेग घ्यावा तर तग जातो, तग घ्यावा तर वाराची धार जाते. संतुलन एकेका प्राण्यात साधतच नाही. ते सहांमध्ये मिळून साधावे लागते.

पार्कने ते कसे साधले? त्याच्या संघात गारचॉम्प होता : ड्रॅगन आणि जमीन यांचा संकर, वेगवान आणि घणाघाती. गायरॅडॉस होता : पाणी आणि वारा यांचा अजस्र सर्प. त्याच्या कुळाची ख्याती अशी की, तो पटावर येताच समोरच्यांची छाती दडपते आणि त्यांच्या अंगाच्या वारांतला जोर ओसरतो. शिवाय त्याला एक खडा दिला होता, ज्याच्या योगाने तो ऐन लढाईत महारूप धारण करी. टॅलनफ्लेम हा आगीचा ससाणा. झेप घेऊन केलेले त्याचे वार त्या काळच्या नियमानुसार सगळ्यांच्या आधी लागत. गार्डेव्हॉयर ही मनोबलाची परी, ड्रॅगनांच्या वाराला मुळीच न जुमानणारी. गोथिटेल ही मनोबलाचीच, पण समोरच्यांना पटावरून पळू न देणारी. आणि सहावी पचिरिसू : विजेची खार.

या सहांचे एकमेकांशी असलेले नाते पाहावे. दगडाचा वार टॅलनफ्लेमला चौपट लागतो. गारचॉम्प तोच वार निम्म्यावर झेलतो. परीला पोलाद मारक आहे. पोलाद वितळवायला आगीचा ससाणा आहे. गायरॅडॉस सर्पाला मोठे भय एकच, विजेचे. तोही वार चौपट! अशा सर्पाला बिनघोर उभे कसे ठेवावे, हा या रचनेतला मध्यवर्ती प्रश्न, आणि खार हे त्याचे उत्तर.

खार दिसते कशी? गोड, फुगीर शेपटीची, निळ्या पट्ट्याची. तिचा आणि गारचॉम्पचा जन्म २००६ सालच्या एकाच खेळातला. पण त्याची बेरीज ६०० आणि हिची ४०५. अशा खारीला पार्कने ज्या चार विद्या दिल्या त्यांतच त्याची प्रतिभा दिसते. पहिली, समोरच्यांचे लक्ष आपल्याकडे ओढून घेण्याची. त्या फेरीत सोबत्यावर रोखलेला वार तिच्यावर येतो. दुसरी, समोरच्याची जेवढी ताकद उरली असेल तिची बरोबर निम्मी कुरतडण्याची. इथे खारीच्या अंगात किती बळ आहे याचा प्रश्नच येत नाही, समोर पहाड असला तरी निम्मा. तिसरी, गाल घासून विजेचा झटका देण्याची, ज्याने समोरचा लुळा पडतो आणि त्याचा वेग ढासळतो. चौथी, एका फेरीपुरते स्वतःला वाचवण्याची. चारांपैकी एकही विद्या बळावर अवलंबून नाही. ज्या परीक्षेत ती नापास झाली असती ती परीक्षाच पार्कने तिला दिली नाही.

आणि कळस पुढेच आहे. या खारीच्या अंगी असा गुण आहे की तिला वीज लागत नाही. उलट विजेच्या वाराने तिची झीज भरून निघते. प्रतिपक्षी गायरॅडॉसवर वीज सोडतो, खार ती स्वतःकडे वळवते, आणि सर्पासाठी काढलेले विष तिच्यासाठी औषध होते! कादंबरीत अशी गाठ मला जुळवता आली असती, तर मी ते प्रकरण लिहून झाल्यावर दोन दिवस लेखणीला हात लावला नसता.

या रचनेत दोष नाहीत असे नाही. दोन्ही सोबत्यांवर एकदम पसरणारे वार खारीला स्वतःकडे ओढता येत नाहीत. तिच्या शेजारी उभे राहून गारचॉम्पने भूकंप घडवला, तर जमिनीचा तो तडाखा तिलाच दुप्पट बसेल. दोन सुगरणींचे एका चुलीपाशी जमत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून सहांतून चार निवडताना कोणाला कोणाशेजारी उभे करायचे, याचा विचार प्रत्येक डावात नव्याने करावा लागतो. दैवही आहेच, लुळा पडलेला प्राणी चारांत एकदा हातची चाल गमावतो, आणि नेमका केव्हा गमावील ते कोणी सांगू शकत नाही. तरीही मुख्य कल्पना डळमळत नाही, हे तिचे बळ.

आता माझ्या मतभेदाकडे येतो. या विजयाची गोष्ट सांगताना बहुतेक जण म्हणतात : दुबळ्याने बलाढ्यांना लोळवले. ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. खारीच्या बाजूला गारचॉम्प आणि गायरॅडॉस होते. त्यांना बाजूला काढले तर ती एकटी काय जिंकणार होती? आणि तिला काढले, तर सर्प विजेच्या एका वाराच्या धाकात राहणार होता. ऋण दोन्हीकडून आहे. एखाद्याने केवळ पार्कचे पाहून आपल्या संघात खार घातली, तर तिला राखायला सर्प नाही आणि सर्पाला तिची गरज नाही, अशी तिची गत व्हायची. उसना दागिना अंगावर बसत नाही.

आपल्या भाषेतली खार रामकथेतली. वाळूत लोळून तिने सेतूवर चार कण झटकले, प्रभूंनी तिच्या पाठीवरून बोटे फिरवली आणि तेव्हापासून ‘खारीचा वाटा’ हा शब्द आपल्या तोंडी बसला. शब्द गोड आहे. पण त्याच्या पोटात एक कडू गोष्ट दडली आहे, ती म्हणजे खार नसती तरी सेतू झालाच असता. तिचे कौतुक झाले ते तिच्या भावनेचे. पार्कच्या खारीची गोष्ट निराळी. ती नसती तर सेतूचा मधला दगडच नव्हता.

शाळामास्तर म्हणून मला हा फरक बोचतो. स्नेहसंमेलनाच्या नाटकात मागच्या बाकावरच्या मुलालाही भूमिका मिळते. बहुधा भाला घेऊन उभे राहण्याची. त्याचे पालक टाळ्या वाजवतात, आणि आपण समान संधी दिली या समाधानात सगळे घरी जातात. ही पाठीवरून फिरवलेली बोटे. पहिल्या नंबरच्या मुलाला जमणार नाही असे या मुलाला काय जमेल, हा प्रश्न विचारायला मुलाला ओळखावे लागते, नाटक ओळखावे लागते आणि बाकीचे सगळे नटही ओळखावे लागतात. दया करायला क्षण पुरतो. पारख करायला ३२४ संबंध पाठ असावे लागतात. आणि पारख केल्यावरही प्रत्येकासाठी जागा सापडेलच असे नाही, हेही हा खेळ लपवत नाही. त्याच्या हजारावर प्राण्यांतले पुष्कळसे अशा स्पर्धेच्या पटावर कधी उतरतच नाहीत. पण शोध न घेता ‘हा कामाचा नाही’ म्हणणे वेगळे, आणि शोध घेऊन थांबणे वेगळे.

या दिवाळीच्या सुटीत घरातली मुले मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसली आणि कोणते सहा घ्यावेत यावरून त्यांचा कालवा सुरू झाला, तर वाचकहो, चकलीची ताटली घेऊन जरा त्यांच्याजवळ बसा. पहिले पाच का घेतले ते विचारू नका. ते कोणीही सांगेल. सहावा का घेतला, आणि तो नसता तर उरलेल्या पाचांतले कोण उघडे पडले असते, एवढेच विचारा. उत्तर नीट आले, तर मूल नुसते खेळत नाही, विचारही करते आहे, असे खुशाल समजा.